झाकणासकट



आमच्या धाडच्या शिवारात नांगर फिरला की मातीबरोबर दगड वर येतो. उन्हाळ्यात गोटे वेचून बांधावर टाकायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तितकेच वेचायचे, हे इथल्या शेतकऱ्याच्या पाचवीलाच पुजलेलं. या गोट्यांत बहुतेक काळा पत्थर असतो. पण अधूनमधून बटाट्याच्या आकाराची, वरून खडबडीत, मळकट पांढरी गारगोटी हाताला लागते. चाकूनं तिच्यावर ओरखडा उठत नाही. उलट चाकूचंच लोखंड तिच्यावर काळी रेघ ठेवून जातं. लहानपणी आम्ही अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासून उजेड पाडायचो. त्यापलीकडे तिचा काही उपयोग आम्हाला ठाऊक नव्हता.

आज मी तुम्हाला ही गारगोटी कापणाऱ्या एका जुन्या यंत्राची हकिगत सांगणार आहे. मी दगडांचा अभ्यासक नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, पंपाचे स्टार्टर, पिठाच्या गिरणीच्या बेअरिंगा, यांत माझी हयात गेली. पण या एका यंत्रानं मला जे शिकवलं ते माझ्या धंद्याच्या बाहेरच्या माणसांच्याही कामाचं आहे, म्हणून हे बोलणं.

आधी ही गारगोटी येते कुठून ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांचा झाला आपला काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट. अजिंठ्याच्या डोंगररांगा त्याच्याच, अजिंठ्याची लेणी कोरली तीही त्याच्यातच, आणि आमच्या विहिरीला सुरुंग लावावे लागतात तेही त्याच्याचपायी. लाव्हा निवताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले. भाकरी भाजताना पोकळ्या राहतात तसंच. पुढं लाखो वर्षं या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आतून एकेक पापुद्रा धरत गेलं. काही पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक तयार झाले, काहींत सिलिका साचली. काळा पत्थर झिजून त्याची माती झाली, पण सिलिकेचा गोळा झिजला नाही. तोच नांगराला लागतो. ज्याच्या पोटात पट्टे असतात त्याला अकीक म्हणतात.

दगडाच्या पोटात रंग असतो, ही गोष्ट आपल्या मुलखाला नवीन नाही. आमच्या शेजारीच जालना जिल्ह्यातलं भोकरदन आहे. तिथे १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचं मराठवाडा विद्यापीठ यांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळात ते भोगवर्धन नावाचं भरभराटीचं नगर होतं. तिथल्या मातीतून हस्तिदंती मूर्ती निघाली, तसे रंगीत दगडांचे मणीही निघाले. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं जो दगड गळ्यात घालत होती, त्याच जातीचा दगड आम्ही बांधावर फेकत होतो.

आता यंत्राकडे येतो.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका भंगारवाल्यानं मला बोलावलं. कुठल्याशा कॉलेजच्या लिलावात त्यानं बराच माल उचलला होता. त्यात एक जड लोखंडी पेटी होती. अडीच फूट लांब, वर उघडी, आत वाळून दगड झालेला चिखल. पेटीच्या आरपार एक शाफ्ट, शाफ्टवर चौदा इंची गोल पातं, शेजारी दोन दांड्यांवर सरकणारा छोटा गाडा, गाड्यावर शिकंजा. खाली एक अश्वशक्तीची जळालेली मोटार. भंगारवाला म्हणाला, ‘‘भाऊ, मोटारीतलं तांबं तुम्ही घेऊन टाका, बाकीचं लोखंड मी मोडतो. लाकूड कापायची करवत हाय, पण सगळे दात झिजून गेले.’’

मी पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं. दात झिजले असते तर त्यांची खूण राहिली असती. इथे कड सपाट होती, घोटल्यासारखी. या पात्याला दात कधी नव्हतेच. बिनदाताची करवत कशाला कोण बनवेल, हे कोडं मला पडलं. मी तांबं काढलं नाही. सत्तर किलो वजन भरलं, किलोला तीस रुपयांनी एकवीसशे रुपये मोजले आणि सगळं यंत्र दुकानात आणून ठेवलं.

कोडं सोडवलं आमच्या गुरुजींनी. हे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या खिशात पेनाशेजारी नेहमी एखादा खडा असतो. ते यंत्राभोवती दोन वेळा फिरले आणि म्हणाले, ‘‘अरे, ही दगड कापायची करवत आहे. हिला दात नसतातच. हिच्या कडेला हिऱ्याची पूड असते.’’

गुरुजींनी समजावलं ते असं. अशी करवत दगड कापत नाही, घासते. दगडाला कापायला दात लावले तर दातच मोडतील. त्याऐवजी पात्याच्या कडेत हिऱ्याचे बारीक कण पक्के बसवलेले असतात. पूर्वी मऊ लोखंडाच्या चकतीच्या कडेला बारीक खाचा पाडायचे, त्यांत हिऱ्याची पूड भरायचे आणि खाचा दाबून बंद करायचे. आता धातूची भुकटी आणि हिऱ्याचे कण एकत्र तापवून, दाबून कड तयार करतात. त्याच्याही आधी साध्या लोखंडी चकतीवर खरपुडीचा चिखल सोडून दगड कापत. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्याला घरच्या घरी दगड कापून घासायची मोठी हौस पसरली. कॅलिफोर्नियातल्या हायलँड पार्क कंपनीच्या त्या काळच्या करवती हौशी लोक आजही शोधून काढतात आणि पुन्हा चालू करतात.

‘‘पण कॉलेजला दगड कशाला कापायचा असेल?’’ मी विचारलं.

गुरुजी म्हणाले, ‘‘तुझ्याच जिल्ह्यातलं लोणार कशामुळे ओळखलं गेलं, माहीत आहे?’’

लोणारचं सरोवर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाचं ते विवर ज्वालामुखीचं असावं, असं अनेक जाणकार पूर्वी मानत. नुसत्या डोळ्यांनी पाहून हा वाद मिटण्यासारखा नव्हता. मग तळाशी खोल भोकं पाडून दगडाचे नमुने काढले गेले. भूगर्भशास्त्रात दगडाची चकती कापतात, काचेवर चिकटवतात आणि घासत घासत तिची जाडी मिलिमीटरच्या तीन शतांश इतकी कमी करतात. एवढ्या पातळ थरातून काळ्या पत्थरातूनही उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली खनिजं वेगळी ओळखता येतात. लोणारच्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघातानं खनिजाचं न वितळताच काचेत रूपांतर होतं, तेव्हा ते बनतं. ज्वालामुखीतून असा धक्का बसत नाही. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी हा पुरावा मांडला आणि लोणारचं विवर उल्कापातानं झालं हे पक्कं झालं. बेसाल्टमधलं असं विवर जगात फार दुर्मीळ आहे.

म्हणजे आकाशातून काय पडलं, ते दगडाची चकती कापून कळलं. आणि चकती कापायचं असंच एक यंत्र किलोवर विकायला निघालं होतं. त्या दिवशी ठरवलं, हे मोडायचं नाही, चालू करायचं.

पहिले पंधरा दिवस नुसतं खोलण्यात गेले. शाफ्टवरचा मोठा नट हलेना. त्याच्या कडांवर छिन्नीचे घाव होते. माझ्या आधी कोणीतरी हातोड्यानं बरीच झटापट केलेली. रात्रभर डिझेलमध्ये भिजवला आणि सकाळी पातं कोणत्या बाजूनं फिरतं ते पाहिलं. आटे उलटे होते. फिरणाऱ्या पात्याच्या जोरानं नट सैल न होता घट्ट व्हावा, म्हणून बनवणाऱ्यानं मुद्दाम उलटे आटे पाडलेले. उलट्या बाजूनं पाना लावला आणि दोन झटक्यांत नट सुटला.

बेअरिंगांत ग्रीसऐवजी दगडाचं पीठ भरलेलं होतं. त्या बदलल्या. शाफ्टला बेअरिंगच्या जागी घर पडलं होतं. लेथवाल्याकडून वेल्डिंग भरून पुन्हा मापात आणला. मोटार रिवाइंड करणं तर माझं रोजचं काम. पातं मात्र कामातून गेलं होतं. त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली की मधून उजेड दिसायचा, म्हणजे ते बशीसारखं वाकलेलं. नवं पातं जयपूरहून मागवलं. त्याची किंमत संपूर्ण यंत्राच्या भंगारकिमतीपेक्षा जास्त भरली. ते बसवलं, कडेजवळ एक पेन्सिल आवळून धरली आणि हातानं पातं फिरवून पाहिलं. पेन्सिल आणि पातं यांतली फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. पातं जरा जरी डुललं तरी चीर रुंद पडते आणि हिऱ्याची कड उखडते.

हे सगळं झालं ते झिजलेल्या भागांचं. पण खोलत गेलो तसं लक्षात आलं की या यंत्रातलं जे बिघडलं होतं, ते सगळंच काही वयानं बिघडलेलं नव्हतं. काही गोष्टी माणसांनी मुद्दाम काढल्या होत्या.

पहिली गोष्ट पुलीची. मोटारीवर पाच इंची पुली होती आणि पात्याच्या शाफ्टवर तीन इंची. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते. या हिशेबानं पातं २४०० फेरे घेणार. पण पेटीवरच्या घासलेल्या पट्टीवर ९०० हा आकडा अजून वाचता येत होता. मग नीट पाहिलं. छोट्या पुलीच्या भोकात पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवली होती आणि मोठ्या पुलीचं भोक नंतर कोरून वाढवलेलं होतं. कोणीतरी पुल्यांची अदलाबदल केली होती. पट्टा तोच बसतो, खर्च नाही, आणि वेग जवळजवळ तिप्पट. पुल्या मूळ जागी नेल्या तर १४४० गुणिले तीन भागिले पाच, म्हणजे ८६४ फेरे. पट्टीवरच्या आकड्याशी हिशेब जुळला.

वेग वाढवला की काम लवकर होतं, असं आपल्याला वाटतं. चौदा इंची पात्याची कड ८६४ फेऱ्यांना सेकंदाला सोळा मीटरच्या आसपास धावते. २४०० फेऱ्यांना जवळजवळ पंचेचाळीस. गारगोटीसारख्या दगडावर एवढ्या वेगानं हिऱ्याचे कण घासायच्या ऐवजी घोटले जातात, कड तापते आणि पातं वाकतं. मला मिळालेलं पातं बशीसारखं का झालं होतं, ते आता कळलं.

दुसरी गोष्ट बटणाची. गाड्याला मागून तार बांधलेली असते, तार कप्पीवरून खाली जाते आणि तिच्या टोकाला वजन लटकवतात. वजन गाड्याला हळूहळू पात्याकडे ओढतं. माणसानं हातानं रेटायचं नाही. दगड पूर्ण कापला गेला की गाडा एका दांडीला टेकतो आणि मोटार आपोआप बंद होते. इतकी साधी, इतकी सुंदर युक्ती. पण त्या बटणाच्या दोन्ही तारा एकत्र पिळून वर टेप गुंडाळलेली होती. बटण कधीतरी बिघडलं असेल; ते बदलण्याऐवजी कोणीतरी त्याला वळसा घातला होता.

तिसरी गोष्ट झाकणाची. पेटीच्या मागच्या कडेला बिजागरीची चार भोकं होती. म्हणजे एके काळी हिला झाकण होतं. पातं खाली तेलात बुडतं आणि फिरताना कडेबरोबर तेल वर आणतं. त्यानं पातं थंड राहतं आणि दगडाची पूड तेलातच बसते. पण झाकण नसेल तर तेल सगळीकडे उडतं. मग काय झालं असेल, याचा अंदाज बांधायला फार अक्कल लागत नाही. झाकण उघडा, दगड पाहा, बंद करा, याचा कंटाळा आला म्हणून झाकण गेलं. झाकण गेल्यावर कपडे खराब होऊ लागले म्हणून तेल गेलं. तेल गेल्यावर पातं कोरडंच दगडावर चालू लागलं. एक काढलं की दुसरं काढावं लागतं, अशी ती साखळी.

मी पुल्या मूळ जागी बसवल्या. नवं बटण लावलं. बिजागरीच्या भोकांवरून माप घेऊन पत्र्याचं झाकण बनवलं आणि आतलं दिसावं म्हणून त्याला प्लास्टिकच्या जाड पारदर्शक पत्र्याची खिडकी ठेवली. तेलाच्या बाबतीत लोकांनी बरेच सल्ले दिले. जुन्या काळी रॉकेल मिसळायचे. बंद पेटीत त्याची वाफ साचणं म्हणजे आगीला आमंत्रण. माझ्याकडे जुनं ट्रान्सफॉर्मरचं तेल फुकट पडून असतं. तेही घातलं नाही, कारण जुन्या तेलात आरोग्याला घातक रसायनं असू शकतात. बाजारातून हलकं, शुद्ध खनिज तेल आणलं, पात्याची कड सेंटिमीटरभर बुडेल इतकंच भरलं. पेटीला पक्कं अर्थिंग दिलं.

एक गोष्ट मात्र मी नवी बसवली. आपल्याकडे वीज न सांगता जाते. वीज गेली तरी लटकलेलं वजन ओढतच राहतं. दगड थांबलेल्या पात्यावर रेटला जातो. वीज परत आली आणि मोटार आपोआप सुरू झाली, तर अडकलेलं पातं मोडू शकतं, शेजारी माणूस असेल तर त्याला इजा होऊ शकते. शेतकरी पंपाला ‘ऑटो’ लावतात, रात्री वीज आली की पंप आपला आपण चालू व्हावा म्हणून. इथे नेमकं उलटं हवं होतं. पंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती स्टार्टर सोडून देते आणि माणसानं हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. असा स्टार्टर बसवला. कोणी म्हणेल, हे मूळ यंत्रात नव्हतं. नसेल. पण ज्या कारागिरानं झाकण, बटण आणि मंद गती दिली होती, तो आमच्या गावात असता तर त्यानंही हेच केलं असतं, असं मला वाटतं. रंग मात्र नवा दिला नाही. गंज खरवडला, तेलाचा हात फिरवला, बस.

पहिली गारगोटी कापली ती शेजारच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीच्या मलब्यातली. आधी भट्टीच्या विटेत दोन-तीन चिरा मारून घेतल्या. नव्या पात्याच्या कडेवरचा धातू त्यानं थोडा झिजतो आणि हिऱ्याचे कण उघडे पडतात. मग गारगोटी शिकंज्यात आवळली, तारेला किराणा दुकानातलं एक किलोचं जुनं वजन लटकवलं, झाकण लावलं आणि हिरवं बटण दाबलं. आवाज कर्कश नव्हता. जात्यावर दळण चाललंय असा. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. बघायला जमलेली पोरं कंटाळून चहाच्या टपरीकडे गेली. मग खट्‌ आवाज झाला आणि मोटार आपोआप थांबली.

दोन्ही अर्ध्या भागांवरचं तेल लाकडाच्या भुशानं टिपलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं. बाहेर करड्या, मग पांढऱ्या, मग पुन्हा निळसर करड्या अशा केसाएवढ्या बारीक रेघा, एकीत एक, झाडाच्या खोडात असतात तशा. आणि मधोमध एक पोकळी, साखरेच्या दाण्यांसारख्या स्फटिकांनी भरलेली. तो शेतकरी तुकडा हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. ‘‘हे आमच्या विहिरीतलं?’’ एवढंच म्हणाला. विहीर खोदताना या दगडांना त्यानं किती शिव्या दिल्या असतील! गुरुजींनी मोठ्या पोरांना बजावलं, की दगड आपल्या बांधावरचेच आणायचे, तेही विचारून. लोणारच्या विवरातून किंवा लेण्यांच्या परिसरातून खडाही उचलायचा नाही.

इथपर्यंतची हकिगत आनंदाची आहे. आता जरा वेगळं बोलतो.

यंत्र चालू झाल्याची बातमी पसरली, तसा एक दिवस फरशी बसवणारा एक कारागीर दुकानात आला. चाळिशीचा असेल. त्याला घरी ठेवायला एक गारगोटी कापून हवी होती. मी दगड लावला आणि तो खिडकीतून पाहत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘धूर निघत नाही हो भाऊ.’’ तो ज्याला धूर म्हणत होता ती धूळ. त्याच्या कामात ग्रॅनाइट कापताना उठणाऱ्या पांढऱ्या ढगाला ते लोक धूरच म्हणतात. बोलताना तो मधेच थांबून श्वास घेत होता. दुसऱ्या मजल्यावर चढायचं काम आता घेत नाही म्हणाला.

गुरुजी तिथेच होते. त्यांनी त्याला खंबायतची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. गुजरातमधलं खंबायत अकीकाच्या कामासाठी फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर लोखंडी खिळ्यावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोड्यानं अलगद टवके उडवतात. हडप्पा काळातल्या मण्यांची पद्धत समजून घ्यायला पुरातत्त्वज्ञ याच कारागिरांकडे गेले. पण पुढे विजेवर फिरणाऱ्या सहाणा आल्या आणि त्यांवर दगड कोरडा घासला जाऊ लागला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथल्या कामगारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यात सिलिकोसिस आढळला. सिलिकेची सर्वांत बारीक धूळ डोळ्याला दिसत नाही, नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे व्रण धरतात. हा आजार औषधानं बरा होत नाही. धूळ थांबवली तरी झालेलं नुकसान भरून येत नाही. शिवाय अशा फुप्फुसाला क्षय लवकर गाठतो.

गारगोटी म्हणजे जवळजवळ सगळी सिलिकाच. ग्रॅनाइटमध्येही तिचा मोठा वाटा असतो. कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या ओट्यांमध्ये तर त्याहून जास्त. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

त्या कारागिरानं विचारलं, ‘‘आमच्या कटरला असं काही करता येईल का?’’ मी म्हटलं, घेऊन या. दुसऱ्या दिवशी तो मार्बल कटर घेऊन आला. मी पाहिलं, तर कटरच्या पुढच्या बाजूला पाण्याची नळी जोडायची जागा होती. कंपनीनंच दिलेली. नळी कुठं आहे विचारलं, तर म्हणाला, ‘‘ती तर पहिल्याच दिवशी काढून ठेवली. चिखल होतो, मालक ओरडतात.’’

श्रोतेहो, माझ्या दुकानात तेव्हा दोन यंत्रं शेजारी शेजारी होती. एक कित्येक दशकांचं, एक दोन वर्षांचं. दोन्हीतून पहिल्यांदा जे काढून टाकलं गेलं, ते एकच होतं. माणसाला सांभाळण्यासाठी जे बसवलेलं असतं, ते कामाच्या आड येतं असं वाटतं, आणि तेच आधी जातं. मोटार कोणी काढत नाही, पातं कोणी काढत नाही.

मी त्याला नवी नळी जोडून दिली आणि एक गोष्ट पक्की बजावली. पाणी आणि वीज एकत्र आली, की वायरीच्या जोडाजवळ अर्थ लिकेजनं पडणारा स्विच हवाच, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो. तो नसेल तर पाण्याची नळी लावू नका, आधी स्विच लावा. आणि सरकारी दवाखान्यात जाऊन छातीचा एक्स-रे काढा, डॉक्टरांना तुम्ही काय काम करता ते न विचारता सांगा. डॉक्टरला धंदा कळला नाही, तर ते नुसता खोकलाच समजतील.

पेटीच्या तळाशी बसलेला चिखलसुद्धा आम्ही वाळू देत नाही. वाळला की त्याची पुन्हा धूळ होते. तेलकट असतानाच खरवडून डब्यात भरतो. दुकानात कोरडा झाडू मारत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो. गावातल्या एका पोरानं मला सुचवलं, की हातातला ग्राइंडर घेतला तर हीच गारगोटी पाच मिनिटांत कापता येईल, तुमच्या पंचवीस मिनिटांची काय गरज? मी त्याला म्हटलं, वीस मिनिटं माझ्या बाकावर बस आणि चहा पी. ती वीस मिनिटं कुठे जातात, ते त्या कारागिराच्या श्वासाकडे पाहिल्यावर कळतं.

आज ही करवत आठवड्यातून एखाद दिवस चालते. गुरुजी आसपासच्या शाळांतल्या मुलांना घेऊन येतात. मुलांनी आपापल्या बांधावरून आणलेल्या गारगोट्यांतून एकच गारगोटी आम्ही निवडतो, कारण तेवढाच वेळ असतो. कापलेला एक अर्धा भाग शाळेला जातो, दुसरा ज्याच्या शेतातला त्याच्या घरी. काही गारगोट्या आतून नुसत्या पांढऱ्या निघतात, कसलीच रेघ नाही. मुलांचा विरस होतो. गुरुजी म्हणतात, हाही दगडच आहे, याचंही नाव वहीत लिहा.

तुमच्यापैकी बहुतेकांना गारगोटी कापायची वेळ येणार नाही. पण घरात फरशी बसवायचं काम कधी ना कधी निघतंच. तेव्हा अंगणात पांढरा ढग उठलेला दिसला, तर चिखल होईल म्हणून पाणी बंद करायला सांगू नका. उलट बादलीभर पाणी आणि नळी आपल्या हातानं नेऊन द्या, आणि विचारा, ‘‘दादा, कटरची नळी कुठाय?’’ अंगण धुऊन निघतं.